पेज कुणी मोजतं का?

मुरबाडहून टोकावड्याकडं जाणाऱ्या संध्याकाळच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बाया दाटीवाटीनं बसलेल्या असत, आणि त्या सगळ्यांत माधुरी एकटी गप्प असायची. बाकीच्या सासवांच्या, जावांच्या, सुपरवायझरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत, आणि हिच्या डोक्यात एकच चालू: आज रात्री काय करू? तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, कुठल्या बाईला हा प्रश्न नसतो? असतो ना. पण बाकीच्या घरांत उत्तर चुकलं तर नवरा तोंड वाकडं करतो, फार तर ताट सरकवतो. माधुरीच्या घरात उत्तर चुकलं तर नवऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग जाणार होतं.

नवरा अनिल, मुरबाड डेपोत एसटीचा ड्रायव्हर. माळशेज घाट चढून आळेफाट्याला जाणारी गाडी त्याच्याकडं. पावसाळ्यात घाटात पुढची काच नुसती पांढरी होऊन जाते, पण अनिल कधी डगमगला नाही. "वळण डोळ्यांना नाय दिसत गो, बुडाला कळतं," असं तो हसत सांगायचा. रस्त्यावरच्या गावांतली माणसं स्टॉपवर उभी राहून आधी ड्रायव्हर कोण ते बघत, आणि अनिल दिसला की निवांत खिडकीशी बसून डोळे मिटत. त्याची सगळी ऐट काय ती एवढ्या एका गोष्टीत होती.

ऐटीबरोबर पोटही वाढलं होतं. खाकी शर्टाचं खालचं बटण केव्हाच संपावर गेलेलं. गावात चेष्टा व्हायची, तोही हसायचा. मग दिवाळीच्या सुमारास डेपोत तपासणी झाली आणि अनिलच्या रक्तात साखर निघाली. थोडीथोडकी नाही, चांगली चढलेली. साहेब माणूस भला होता. त्यानं अनिलला बाजूला घेऊन सांगितलं, "होळीनंतर परत मेडिकल आहे. तोवर साखर खाली आणा, पोट आत घ्या. नाहीतर मला गाडीवरून उतरवावं लागेल. घाटाची गाडी आहे, माणसं असतात मागं."

अनिल घरी आला तो ओटीवर बसून राहिला. माधुरीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "माझा लडकू होनार."

लडकू त्याच्याच डेपोतला जुना ड्रायव्हर. डोळे गेले म्हणून गाडीवरून उतरवलेला. आता फाटकाशी खुर्ची टाकून बसतो, आणि एखादी गाडी बाहेर पडायला लागली की त्याचा डावा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो, क्लच पायाखाली असल्यासारखा. हसणारे हसतात. अनिलला कधी हसू आलं नाही.

माधुरीची भीती वेगळी होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. पण साखरेच्या माणसाला भोवळ येते म्हणतात. दुपारी कारखान्यात पिशव्यांना शिलाई मारताना तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं जायचं. आता गाडी टोकावड्याला असेल, आता मोरोशी, आता घाट. घाटाची वेळ आली की हातातली शिलाई वाकडी व्हायची.

डॉक्टर शहापूरच्या. बुद्धभूषणनं सुचवलेल्या. बुद्धभूषण म्हणजे अनिलच्या गाडीचा कंडक्टर, राहणारा शहापूरचा, आणि अनिलला सख्ख्या भावाच्या जागी. त्याच्या आईची साखर याच बाईंनी ताळ्यावर आणली होती. बाई स्वभावानं शांत, प्रश्न विचारायच्या आणि ऐकून घ्यायच्या. त्यांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, "भात बंद. सकाळची भाकरी चालेल, पण रात्रीचं जेवण हलकं ठेवा. हलकं, पण पोटभर हं. यांना उपाशी ठेवायचं नाही."

हलकं, पण पोटभर! सांगणाऱ्याचं काय जातंय? दिवसभर मशीनवर बसून, जीपमध्ये चेंगरून, दिवेलागणीला घरी येणाऱ्या बाईनं करायचं काय? लेक अंजू बारावीला. ती मोबाईल घेऊन मदतीला धावली. "मम्मी, हे बघ, लो-कॅलरी डिनर, झटपट. ब्रोकोली घ्यायची, किनवा घ्यायचा..." माधुरीनं विचारलं, टोकावड्याच्या बाजारात किनवा कुणाकडं मिळतो, आणि अंजूनं मोबाईल खाली ठेवला.

पहिले काही दिवस नुसता सावळा गोंधळ. दुधीचं पातळ कालवण केलं, तर अनिल म्हणाला, "जेवन हाय का काविळीचं पथ्य?" कोबी उकडला, तर तो कुत्र्यानंही हुंगून सोडला. पण माधुरी हट्टाची. हळूहळू तिला युक्ती सापडत गेली. आधी मुगाचं कढत कढण प्यायला द्यायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी घालून, म्हणजे अर्धी भूक तिथंच बसते. मग काकडी-मुळ्याची कोशिंबीर. मग नाचणीची एकच भाकरी, आणि तिच्या जोडीला भाजी मात्र हात सैल सोडून: शेवग्याच्या पाल्याची, नाहीतर कुळथाची पिठी, नाहीतर आपल्याच शेतातल्या वालाचं बिरडं, तेलाचा नुसता थेंब. वाल दिवसा सासू सोलून ठेवायची, कापाकापी अंजू करायची, आणि माधुरी आल्या आल्या पदर खोचून चुलीशी. दोन स्वयंपाक करायला वेळ कुणाला आहे? जे अनिलला तेच सगळ्यांना. अर्ध्या-पाऊण तासात ताटं वाढून तयार.

सासूचं नाव रंगू. सुकलेली, काटक, दात जवळपास गेलेले. ती ताटावर कधी बसायची नाही. "आई, बसा ना," माधुरी म्हणायची. "माझं झालं गो, तुमी जेवा," ती म्हणायची आणि ओटीवर जाऊन बसायची. लग्न होऊन आल्यापासून माधुरी हेच ऐकत आली होती.

आणि रंगूआजीच्या हातची पेज. आता हिच्याबद्दल सांगायलाच हवं. या घरात दार ओलांडून आलेल्या माणसाला पाणी नाही, पेज मिळायची. पहाटे आजी मोठ्या टोपात नवा तांदूळ घालायची, मीठ टाकायची, आणि दाणा फुटून मऊ होईपर्यंत चुलीवर ठेवायची. अनिल ड्युटीवर निघताना एक तांब्या. परत आला की दारातच एक तांब्या. कपडे बदलून बसला की आणखी एखादा वाडगा. टोप दिवसभर चुलीच्या कडेला, ज्याला तहान लागेल त्यानं ओतून घ्यावं. पेज प्यायची असते, ती काही खायची नसते. पेज कुणी मोजतं का?

डॉक्टरांनी विचारलं होतं, "भाकरी, भाजी, आणखी काय?" माधुरी म्हणाली, "आनखी काय नाय, म्याडम." खोटं बोलावं असं तिच्या मनातही नव्हतं. तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि ध्यानात आलं असतं तरी ती बोलली असती का, देव जाणे. कारण लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूनं तिला एक गोष्ट बजावली होती. "आमी पेज पितो आसं चारचौघांत सांगायचं नाय गो. लोकांना वाटतं, यांच्या घरात दाना नाय." आजीच्या लहानपणी खरंच नव्हता. भात मोठ्यांच्या ताटात आणि वरचं पाणी पोरींच्या वाडग्यात, अशातली ती. आता कणगी भरलेली असली तरी ती लाज काही गेली नव्हती.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला. वजन उतरलं होतं थोडं. साखर तिथल्या तिथं. "चोरून काही खाता का हो?" त्यांनी हसून विचारलं. अनिलचा चेहरा लाल झाला. "नाय ओ म्याडम, खरंच नाय." डॉक्टरांनी गोळी वाढवली. तिसऱ्या खेपेला आणखी एक जोडली, आणि या वेळी हसल्या नाहीत. "असंच राहिलं तर इन्सुलिनचा विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या. परतीच्या एसटीत शहापूर ते मुरबाड अनिल नुसता दुसऱ्या ड्रायव्हरचे हात बघत बसला.

माधुरीच्या मनात संशय शिरला. ढाबा! टोकावड्याच्या ढाब्यावर गाडी थांबते, तिथं गरम वडे तळत असतात, आणि हा माणूस काही महात्मा नाही. ती त्याच्या शर्टाचे खिसे चाचपायला लागली. शर्ट हुंगायला लागली. शेवटी तिनं लाज सोडून बुद्धभूषणला फोन केला. "भाऊजी, खरं सांगा. वडा खातात ना?"

"आईशप्पथ वहिनी. चहासुद्धा बिनसाखरेचा. मी वडा खाल्ला तर तोंड फिरवून बसतो बिचारा. त्याच्यापायी मीपण सोडला वडा."

मग ही साखर येते कुठून? एखाद्याच्या घरात चोर शिरावा, रोज थोडं थोडं उचलून न्यावं, आणि दाराची कडी मात्र आतून लावलेलीच असावी, तसं तिला झालं. अनिलही चिडचिडा झाला. भाकरी कमी झाल्यापासून त्याला भूक जास्त लागायची. मग आजी म्हणायची, "पेज घे रे पोरा, तेवढाच आधार." आणि माधुरी स्वतःच्या हातानं ओतून द्यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

संक्रांत होऊन गेली. एका रविवारी माधुरी घरी होती, अनिललाही सुट्टी. दुपारी भांडी घासायला घेतली तर टोपाच्या बुडाशी उरलेली पेज गार होऊन घट्ट बसलेली. टोप कलता केला तरी हलेना. तिनं डाव घातला, तर डाव उभाच राहिला. माधुरी बघत राहिली. मग तिनं पिठाची चाळण आणली, टोपात थोडं पाणी घालून सगळं ढवळलं आणि चाळणीत ओतलं. पाणी खाली गेलं. वर भात राहिला. मऊ, फुटलेला, पांढराशुभ्र भात. तिनं तो अनिलच्या ताटात काढला. दिवाळीपासून ज्या ताटातला भात तिनं मन घट्ट करून बंद केला होता, त्या ताटात केवढा तरी ढीग झाला, आणि ही नुसती टोपातली उरलेली.

"आई!" ती ओरडली. आजी दचकून आत आली. "ह्यो बघा! ह्यो बघा तुमचा आधार! भात खाऊ नको म्हनून मी जिवाचं रान करते, आनि तुमी त्यांना दिवसभर भात पाजताय!"

"अगो, पेज हाय ती. पेज म्हंजे काय जेवन हाय का?"

"भात हाय ह्यो! डोळं हायेत ना? तुमच्या पेजेपायी त्यांची गाडी जायाची येळ आली! तुमीच मारताय तुमच्या पोराला!"

बोलून गेली. तोंडातून सुटलेलं परत गिळता येत नाही. आजीनं ताटातल्या त्या ढिगाकडं बघितलं, मग सुनेकडं. चुलीपाशी बसली आणि विझलेल्या निखाऱ्यांवर उगाच फुंकर घालत राहिली. अनिल मधे पडायला गेला तर माधुरी त्याच्यावरही कडाडली. "उद्यापासून या घरात पेज बंद. थेंब नाय." तिला राग आला होता तसा आनंदही झाला होता, खोटं कशाला बोला? चोर सापडला होता. पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगू, असं तिनं ठरवलं. पुढच्या खेपेला! त्याच दिवशी फोन उचलून विचारायचं तिला सुचलं नाही. भात थांबवणं चांगलंच ना, त्यात विचारायचं काय?

सोमवारी सकाळी अनिल निघाला. एक भाकरी, भाजी, आणि वाढवलेल्या सगळ्या गोळ्या. तांब्या नाही. आजी मागच्या दारी होती, ती पुढं आली नाही. माधुरीनं तिच्याकडं बघायचं टाळलं आणि ती जीप पकडायला पळाली.

दुपारी कारखान्यात फोन वाजला. बुद्धभूषण. "वहिनी, घाबरू नका..."

या तीन शब्दांनी आजवर कुणाची भीती गेली आहे? माधुरीच्या हातातली पिशवी मशीनखाली पडली. "काय झालं? भाऊजी, काय झालं?"

"अनिलभाऊंना जरा... आमी मोरोशीच्या पुढं... गाडी घाटात..." आणि फोन कटला. घाटाच्या तोंडाशी रेंज अशीच जाते, तिला माहीत होतं. तिनं परत लावला. पुन्हा लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

तिनं सुपरवायझरला काय सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही. पायात चप्पल आहे की नाही हेही स्टँडवर आल्यावर बघितलं. जीप भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर आणखी माणसांसाठी हाका मारत उभा, आणि ही आत बसलेली. "चला ना ओ," ती म्हणाली. "माजा मानूस घाटात हाय." ड्रायव्हरनं तिच्याकडं बघितलं आणि किल्ली फिरवली.

वाटेत तिनं मनात काय काय बघितलं! दरीत चाकं वर करून पडलेली लाल गाडी. रस्त्यावर विखुरलेल्या पिशव्या, टोपल्या. स्टॉपवर अनिलला बघून निवांत चढणाऱ्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची पोरं. समोरून एसटी आली की ती मान उंचावून बघायची, आपली आहे का, काच फुटलीय का. टोकावडे गेलं. आपल्या गावाच्या फाट्यावर तिला वाटलं, उतरून आजीला सांगावं. काय सांगणार? गिरजादेवी, माझ्या कुळदेवी, असं ती मनात घोकत होती आणि पुढचं वाक्य तिला सापडत नव्हतं. मी काय वाईट केलं? मी भातच तर थांबवला.

मोरोशीच्या पुढं, घाट चढायला लागतो तिथं, एका टपरीवजा हॉटेलाशी लाल गाडी उभी होती. चारही चाकांवर. चाकांखाली दगड लावलेले. माधुरी जीप थांबायच्या आधीच उतरली आणि पडता पडता वाचली.

अनिल बाकड्यावर बसला होता. शर्ट घामानं ओला, चेहरा राखेसारखा, पण बसला होता. तिला बघून म्हणाला, "तू कशाला आलीस गो?" तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तिला रडू फुटलं. तिथंच, सगळ्या लोकांदेखत, ती मातीत बसून रडली.

काय झालं ते बुद्धभूषणनं सांगितलं. मोरोशी सोडल्यावर अनिल एकदम बोलायचा बंद झाला. हात थरथरायला लागले, घाम धारांनी. बुद्धभूषणनं हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलला. पण वर पहिलं वळण दिसताच त्यानं गाडी डाव्या अंगाला घेतली, थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि मग डोकं स्टिअरिंगवर टेकलं. "आधी ब्रेक ओढला वहिनी, मग पडला," बुद्धभूषण म्हणाला. "माझी आई अशीच करायची साखर उतरली की. म्हनून मला कळलं. मी ओरडलो, कुनाकडं गोड हाय का? एका म्हातारीकडं तिळगूळ होता, लेकीकडं चाललेली. तो तोंडात कोंबला. जरा डोळं उघडलं. मग याच्या पिशवीत पानी शोधाया गेलो तर ही बाटली. तीच पाजली."

त्यानं बाटली पुढं केली. प्लास्टिकची, जुन्या सरबताची, बुडाशी पांढरं काहीतरी उरलेलं. माधुरीनं बूच काढून वास घेतला. पेज.

"आयनं ठेवली वाटतं," अनिल खाली बघत म्हणाला. "मला ठाव नव्हतं."

टिफिनच्या पिशवीत, रुमालाखाली, सुनेच्या नजरेआड. पहाटे, आदल्या दिवशीचं ते बोलणं ऐकून घेतल्यावरही. माधुरी ती बाटली हातात धरून बसली. तिला आजीचा राग येईना आणि स्वतःचाही धड येईना.

प्रवासी दुसऱ्या गाडीनं गेले. तिळगुळवाली म्हातारी जाताना अनिलच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. बुद्धभूषण हळूच म्हणाला, "अनिलभाऊ, गाडी गरम झाली म्हनून सांगू डेपोत? मी दुसरं काय बोलत नाय." माधुरीला वाटलं, हो म्हणावं. तिला फार वाटलं. अनिलनं रस्त्याकडं बघितलं, जिथून घाट वर जातो.

"नको रे," तो म्हणाला. "मागं पोरं होती."

दुसऱ्या दिवशी शहापूर. या वेळी रंगूआजी पण आली. कुणी बोलावलं नव्हतं, ठेवणीतलं लुगडं नेसून आपणहून जीपमध्ये बसली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "परवापर्यंत साखर उतरत नव्हती, आणि एकदम अशी खाली? काय बदललं?" माधुरीनं तोंड उघडलं, पण आजीच बोलली. मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"बाई, आमी पेज पितो."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते परक्या माणसासमोर उच्चारलं होतं. तिच्या म्हाताऱ्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "लय पितो. मीच पाजायची ह्याला. सुनेची काय चूक नाय."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मीही कधी विचारलं नाही. मी गोळ्या वाढवत गेले त्या या पेजेवर, मला ठाऊक नसताना. पेज एकदम काढली आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या. मग साखर कोसळणारच." त्या माधुरीकडं वळल्या. "तुम्ही शोधून काढलंत ते बरोबरच होतं. पण थांबवायच्या आधी मला एक फोन हवा होता. तिळगुळानं यांना उठवलं, आणि नंतर पोटात गेलेल्या पेजेनं टिकवलं. पेज विष नाही. फक्त ती जेवणात धरायची."

गोळ्या कमी झाल्या. गाडी काही दिवस बंद. अनिलनं डॉक्टरांचा तसा कागद स्वतः डेपोत नेऊन दिला. साहेबांनी त्याला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा माधुरीनं चोरून त्याच्या डाव्या पायाकडं बघितलं. लाज वाटली तिला, पण बघितलं.

त्या दिवशी दवाखान्यातून निघता निघता एक गोष्ट मात्र झाली होती. डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "आणि आजी, तुम्ही रात्री काय जेवता?"

"मी? पेज."

"आणि?"

"आनि काय? झालं."

त्या वेळी माधुरीचं तिकडं लक्ष गेलं नाही. तिचं सगळं लक्ष अनिलच्या कागदावर.

होळी झाली. मेडिकल झालं. साखर ताळ्यावर आली होती, पोटही शर्टात मावत होतं. गाडी मिळाली, पण घाटाची नाही, सध्या मुरबाड-शहापूर. घाटाचं पुढं बघू, साहेब म्हणाले. अनिल एवढ्यावरही खूश होता. माधुरीला मात्र अजून दुपारी फोन वाजला की हातातलं पडतं. ते आता जन्माचं लागलं तिच्या मागं.

गाडी मिळाली त्या संध्याकाळी तिनं वालाचं बिरडं केलं, कढण केलं, भाकऱ्या थापल्या. ताटं मांडली. तेवढ्यात रंगूआजी आत आली. हातात टोप नाही, तांब्या नाही, एक वाटी. पेजेची. तिनं ती अनिलच्या ताटात, भाजीच्या शेजारी ठेवली आणि सुनेकडं बघितलं. "धर ही," ती म्हणाली. "मोजून आनलीय." अनिलनं न सांगता अर्धी भाकरी मोडून टोपलीत परत टाकली. अंजू हसली. माधुरीही हसली, बऱ्याच दिवसांनी.

"आई, बसा तुमी पन."

"माझं झालं गो. तुमी जेवा." आजी ओटीकडं वळली.

माधुरीचा हात भाकरीवर थांबला. काय झालं हिचं? पेज. आणि? आणि काय नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री माझं झालं, आणि आपण एवढी घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात काय जातं ते मोजणारी, खिसे चाचपणारी, शर्ट हुंगणारी! पेज कुणी मोजत नव्हतं, म्हणून ही बाई जेवत नाही हेही कुणी मोजलं नव्हतं.

ती उठली. कपाटातलं चौथं ताट काढलं, पदरानं पुसलं. भाकरीचा पापुद्रा काढून मऊ भाग कढणात कुस्करला, दात नसलेल्या तोंडाला चावायला लागू नये म्हणून. वर बिरडं घातलं. आणि ओटीवर जाऊन सासूच्या हाताला धरलं.

"चला," ती म्हणाली. "पेज झाली. आता जेवायला चला."

"अगो, भूक नाय मला," म्हातारी म्हणाली. पण आली, आणि ताटावर बसली, आणि पहिला घास तोंडात गेल्यावर तिनं मान इतकी खाली घातली की तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.